सात दिवसांची वही : आपलं मूल खरंच काय खातं आणि त्यातून त्याला काय मिळतं

सकाळच्या शाळेत पावणेदहाला छोटी सुट्टी होते. मी चौथीच्या वर्गावर आहे आणि ती पंधरा मिनिटं मुलांच्या घोळक्यात बसूनच डबा खाते. डबे उघडले की आत बहुतेक तेच ते असतं. साखर-तुपाची पोळीची गुंडाळी, बटाट्याची काचऱ्यांची भाजी, जॅम लावलेला ब्रेड, मसाल्याच्या शेवया. एखादीच्या डब्यात थालीपीठ निघालं की चार हात पुढे येतात. आणि घंटा झाल्यावर किती डबे अर्धे भरलेले तसेच बंद होतात, हे त्या डब्यांच्या आयांना कधी कळतच नाही, कारण उरलेलं घरी जायच्या आत रिक्षात मित्राला दिलं जातं किंवा शाळेच्या कुत्र्याला.

पालकसभेत मात्र दर वेळी एकच प्रश्न येतो : "मॅडम, याला प्रोटीन कमी पडतंय का? कुठली पावडर चांगली?" मी आता पावडरीचं नाव सांगत नाही. आधी सात दिवस वही लिहा, म्हणते. चार वर्षांपूर्वी माझ्या धाकटीसाठी, ती नऊ वर्षांची असताना, मी स्वतः ती लिहिली. तेव्हा कळलं की काळजी मी प्रोटीनची करत होते आणि तुटवडा होता लोहाचा आणि कॅल्शियमचा. तोही थोडाथोडका नव्हे, जवळजवळ निम्म्याने. ही वही कशी लिहायची, तिचा हिशेब कसा करायचा आणि त्यावरून घरात काय बदलायचं, ते इथे पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी : वही

साधी चाळीस पानी वही घ्या. चार रकाने आखा : वेळ, पदार्थ, किती वाढलं, किती परत आलं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आपण डोक्यात हिशेब ठेवतो तो वाढलेल्याचा, मुलाच्या पोटात जातं ते वेगळंच.

सलग सात दिवस लिहा, रविवार धरून. रविवारी उशिरा उठणं, बाहेरचं खाणं, पाहुणे असं सगळं असतं आणि तोही मुलाच्या आठवड्याचाच भाग आहे. लग्नाचा किंवा आजारपणाचा आठवडा मात्र टाळा. खाल्लं की लगेच लिहा. रात्री आठवून लिहिलेल्या वहीत बिस्किटं हमखास निसटतात.

या आठवड्यात स्वयंपाकात काहीही बदलू नका. वही लिहायला घेतली की आपला हात आपोआप पालेभाजीकडे वळतो, तो आवरा.

आणि मुलाला रागावू नका. "डबा का नाही संपवला?" असं विचारलंत की दुसऱ्या दिवसापासून खोटा रिकामा डबा घरी येईल. त्यापेक्षा "आज कुणाच्या डब्यातलं खाल्लंस?" असं विचारा. मुलं ते खुशीत सांगतात. त्यातूनच मला कळलं की माझी मुलगी घरी शिवत नसलेली मटकीची उसळ मैत्रिणीच्या डब्यातली आवडीने खाते.

दुसरी पायरी : आपल्या घरची मापं

"एक वाटी वरण" हे माप नव्हे. एखाद्या रविवारी अर्धा तास काढा, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या (नसेल तर शेजारून आणा) आणि तीन गोष्टी मोजा.

पहिली, वाटी. औषधाच्या टोपणाने किंवा मापाच्या भांड्याने पाणी घालून ती किती मिलिलिटरची आहे ते बघा. आमची १५० ची निघाली.

दुसरी, पोळी. दहा पोळ्यांची कणीक मळण्याआधी तोलली तर ३५० ग्रॅम भरली, म्हणजे एका घडीच्या पोळीत ३५ ग्रॅम पीठ. फुलक्यात २५ च्या आसपास बसतं. भाकरी जाडीप्रमाणे ६० ते ७०.

तिसरी, आणि हीच मला चकित करून गेली, डाळ. चौघांसाठी कुकरला लावायची तूरडाळ मी मुठीने घेते. ती तोलली तर ८० ग्रॅम. घोटून, पाणी घालून, फोडणी देऊन त्याच्या सात वाट्या झाल्या. म्हणजे एका वाटीत साडेअकरा ग्रॅम डाळ आणि त्यात प्रोटीन जेमतेम अडीच ग्रॅम. तेही नीट ढवळून वाढलं तर. वरण थोडा वेळ ठेवलं की डाळ तळाशी बसते, आणि मुलाच्या भातावर आपण वरचं वाढतो, कारण "त्याला पातळच आवडतं". पातेल्यात पळी फिरवण्याआधी वरचं एक वाटी वरण ग्लासात ओतून उजेडात धरा. पिवळं पाणी दिसेल. मी धरलं होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे डाळ सव्वाशे ग्रॅम पडते आणि वाट्या पाचच होतात.

तिसरी पायरी : कशातून काय मिळतं

लागतं किती, हे आधी बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी रोजच्या शिफारशी नव्याने दिल्या. त्यानुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला २३ ग्रॅम प्रोटीन, ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १५ मिलिग्रॅम लोह हवं. दहा ते बारा वयात कॅल्शियम ८५० वर जातं, प्रोटीन ३२-३३ ग्रॅमवर. लोहाचा आकडा मात्र इथे दुभंगतो : मुलाला १६, मुलीला २८. वाढीचा वेग आणि पाळी सुरू होण्याचं वय, दोन्ही त्यामागे आहे. ज्या घरांत अजूनही अंडं आधी मुलाच्या ताटात पडतं, त्यांनी हे दोन आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

हे आकडे म्हणजे काठावरची रेघ नव्हे. जवळजवळ सगळ्या मुलांना पुरेल असं ते माप आहे. एखाद्या दिवशी थोडं कमी पडलं म्हणून मूल आजारी पडत नाही. पण महिनोन्महिने निम्म्यावर राहिलं, तर ते दिसायला लागतं.

आता अन्नाकडे येऊ. पुढचे आकडे याच संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांना धरून, कच्च्या शंभर ग्रॅमचे आणि ढोबळ आहेत.

लोह आधी घेते, कारण गैरसमज त्याच्याबद्दल सर्वात जास्त आहेत. गव्हाच्या पिठात सुमारे ४ मिलिग्रॅम, ज्वारीतही तेवढंच, बाजरीत ६ च्या वर. पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही, पोह्यात मात्र साडेचार. तूरडाळ, मूगडाळ चारच्या आसपास. हरभरा पावणेसात, मटकी आठच्या जवळ, कुळीथ त्याहून थोडं जास्त. म्हणजे सोललेल्या डाळीपेक्षा सालासकट कडधान्यात जवळजवळ दुप्पट. मेथीच्या पाल्यात साडेपाच, तिळात पंधराच्या आसपास.

आणि गूळ? शंभर ग्रॅमला साडेचार. ऐकायला बरं वाटतं, पण लाडवातून पोटात जातो पाच ग्रॅम, म्हणजे लोह पाव मिलिग्रॅमसुद्धा नाही. साखरेऐवजी गूळ जरूर वापरा, पण लोहासाठी त्याच्यावर विसंबू नका. बिटाचंही तेच. रंग रक्ताचा आहे म्हणून त्याची ख्याती, लोह शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमही नाही.

लोह खाल्लं तरी ते सगळं रक्तात जात नाही. धान्य-कडधान्यांतला फायटेट हा घटक ते धरून ठेवतो. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी तो सैल पडतो. मोडाची उसळ आणि ज्वारीची आंबील आपल्या आज्यांनी चवीसाठी केली असेल, फायदा दुहेरी झाला. क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, म्हणून उसळीवर लिंबू. पण गॅस बंद केल्यावर पिळा, उकळीत ते बरंच नष्ट होतं. पेरू आणि आवळा ही आपल्याकडची याची दोन सर्वांत चांगली फळं, आणि दोन्ही सफरचंदापेक्षा स्वस्त. उलट चहा लोहाला अडवतो. सातारा-सांगलीकडे सकाळी सहाला चहा-चपाती खाऊन शाळेत येणारी कितीतरी मुलं मी बघते. तो चहा बंद होत नसेल तर निदान जेवणापासून तास-दीड तास लांब ठेवा. भाजी लोखंडी कढईत करा. टोमॅटो, चिंच, आमसूल असलं आंबट असेल तर कढईतलं लोह भाजीत जास्त उतरतं. मासे-मटण खाणाऱ्या घरांत हे सगळं सोपं जातं, कारण मांसातलं लोह सहज शोषलं जातं आणि सोबतच्या भाकरीतलंही थोडं जास्त ओढून घेतं.

कॅल्शियम म्हटलं की दूध, आणि ते खरंच आहे. गाईचं असो की म्हशीचं, शंभर मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमच्या आसपास. पण मूल दूध पित नसेल तर घरात युद्ध पेटवायची गरज नाही. दही, ताक, कढी, पनीर चालतं. नाचणीत ३६० च्या वर, राजगिऱ्याच्या आणि शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर, मेथीत पावणेतीनशे. तिळात तर बाराशेच्या पुढे, म्हणजे दोन चमचे तिळाच्या चटणीत जवळजवळ कपभर दुधाएवढं. तिळातलं शोषलं थोडं कमी जातं, तरीही वाटीभर चटणी करून ठेवण्याएवढी किफायतशीर गोष्ट स्वयंपाकघरात दुसरी नाही. कोकणातल्या घरांत सुकट, जवळा आहेच. काट्यासकट खाल्लेला छोटा मासा म्हणजे कॅल्शियमच.

प्रोटीनवर मी थोडक्यात सांगते, कारण धान्य पोटभर खाणाऱ्या मुलात ते मापाला बहुधा पुरतं. प्रश्न त्याच्या प्रतीचा असतो. गहू-तांदळात लायसिन हा प्रोटीनचा एक घटक कमी, डाळीत भरपूर. डाळीत जे उणं ते धान्यात. म्हणून वरण-भात, भाकरी-पिठलं, खिचडी-कढी या जोड्या चालत आल्या आहेत त्या योग्यच आहेत, फक्त त्यांतला डाळीचा भाग पातळ होत गेला. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रतीचं प्रोटीन असतं. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यांतही जवळजवळ तितकंच.

बी-१२ वनस्पतीत नाही. शाकाहारी मुलाला ते दूध-दह्यातूनच मिळणार, म्हणून दूध, दही दोन्ही सोडलेल्या शाकाहारी मुलाबद्दल डॉक्टरांशी बोला. अ जीवनसत्त्वासाठी लाल भोपळा, गाजर, पपई, आंबा आणि हिरवा पाला, आणि सोबत थोडं तेल-तूप, त्याशिवाय ते नीट शोषलं जात नाही. ड जीवनसत्त्व ताटातून फारसं येत नाही, त्याला ऊन लागतं. मैदानावरचा तास त्यासाठीही आहे.

चौथी पायरी : एका दिवसाची बेरीज

धाकटीच्या वहीतला एक बुधवार जसाच्या तसा देते. तुम्हीही सातातला सर्वांत साधा, रोजच्यासारखा दिवस निवडा.

सकाळी साडेसहा : कप भरून (१५० मिलिलिटर) दूध, चार ग्लुकोज बिस्किटं.
पावणेदहा : दोन पोळ्या, बटाट्याची भाजी. अर्धी पोळी परत.
एक वाजता : वाटीभर भात, वाटीभर पातळ वरण.
पाच वाजता : पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट.
रात्री साडेआठ : दीड पोळी, भेंडीची भाजी, अर्धी वाटी भात, अर्धी वाटी आमटी.

पोटभर खाणारं, शहाणं मूल. प्रोटीन जवळजवळ ३० ग्रॅम झालं, हवं होतं २३. त्यातलं निम्म्याहून जास्त पोळी-भातातून आलेलं. कॅल्शियम २९० च्या आसपास, हवं ६५०, आणि त्यातलं १८० एकट्या कपभर दुधाचं. लोह झालं ७ मिलिग्रॅम, हवं १५.

हे सात आले कुठून? सव्वाचार मिलिग्रॅम नुसत्या पोळ्यांतून. मी ज्या पोळीला कधी हिशेबातच धरलं नव्हतं तीच मुलीला सांभाळत होती. वरण आणि आमटी मिळून पाऊण मिलिग्रॅम. बिस्किटं आणि पाकीट मिळून जवळजवळ काहीच नाही, पण भूक मात्र त्यांनी भागवली होती, म्हणून रात्री दोनऐवजी दीड पोळी गेली.

हा हिशेब करायला अर्धा तास लागतो. पदार्थातलं कच्चं वजन गुणिले शंभर ग्रॅममधला आकडा भागिले शंभर. पाचवीच्या वरचं मूल असेल तर त्यालाच करू द्या. माझ्या मोठ्याने दशांश अपूर्णांक असेच पक्के केले.

पाचवी पायरी : तीन-चार जागा बदला, सगळं नको

बेरीज समोर आली की सगळा स्वयंपाकच बदलावासा वाटतो. तसं केलंत तर दहाव्या दिवशी सगळं मूळपदावर येईल. जे रोज होतं तेच थोडं दाट करायचं. आमच्याकडे एवढंच बदललं :

रात्रीच्या पोळीच्या जागी थंडीत बाजरीची आणि एरवी ज्वारीची भाकरी. ६० ग्रॅम बाजरीत पावणेचार मिलिग्रॅम लोह. मुलं भाकरीला कंटाळतात ती गार झाल्यावर. तव्यावरून थेट ताटात, वर तूप आणि चटणी दिली तर बहुतेक जण खातात.

आठवड्यात चार दिवस डब्याला उसळ. २५ ग्रॅम सुकी मटकी म्हणजे २ मिलिग्रॅम लोह. रविवारी पाव किलो मटकी भिजत घालायची, सोमवारी रात्री मोड येतात, डबा फ्रिजमध्ये, शुक्रवारपर्यंत पुरते.

वरण दाट. पाच वाजता पाकिटाऐवजी मूठभर फुटाणे-शेंगदाणे, पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास लोह आणि सहा ग्रॅमभर प्रोटीन. फुटाण्यांचा डबा मुलाच्या हाताला येईल अशा फळीवर आणि बिस्किटं घरातच नाहीत, ही यातली खरी युक्ती.

रात्री ताटात तिळाची चटणी आणि वाटीभर दही. शिवाय एक पालेभाजी. इथे मी अडखळले. पन्नास ग्रॅम मेथीची भाजी नऊ वर्षांचं मूल गुमान खात नाही. मग ती चिरून भाकरीच्या किंवा थालिपिठाच्या पिठात, आमटीत, मुटक्यांत. लपवून नव्हे, मुलीला निवडायला बसवून. जिने मेथी निवडली ती चाखतेच, निदान दोन घास.

असा एक दिवस जमला तेव्हा पुन्हा बेरीज केली. लोह साडेपंधरा, कॅल्शियम ६९० च्या जवळ. रोज एवढं होत नाही. आठवड्याची सरासरी बाराच्या वर राहिली तरी मी समाधान मानते. खर्चही वाढला नाही, बिस्किटं आणि पाकिटांचे पैसे मटकी-तिळाला पुरले.

आंबील, नाचणीची खीर, कुळथाचं पिठलं, शेंगोळे, जवसाची आणि कारळाची चटणी, मेतकूट-भात. तुमच्या भागात जे घरात आधीपासून आहे तेच उचला. क्विनोआ आणायची काही गरज नाही.

डबा संपतो कसा

वर्गात बसून बघितलेलं सांगते. डबा अर्धा परत येतो तो बहुतेक चवीमुळे नव्हे, वेळेमुळे. पंधरा मिनिटांतली पाच हात धुण्यात आणि जागा धरण्यात जातात. दोन वातड पोळ्या तोडून, भाजीला लावून खायला दहा मिनिटं अपुरी आहेत. म्हणून पोळीचे आधीच चार तुकडे करा, किंवा भाजी आत भरून गुंडाळी करा. थालीपीठ, धपाटे, पराठा, इडली, दशमी हातात धरून खाता येतात. रस सुटणारी भाजी कडेने पोळी भिजवते आणि ती पोळी कुणी खात नाही.

घट्ट झाकण हे दुसरं कारण. पहिली-दुसरीतली मुलं झाकण उघडत नाही म्हणून उपाशी राहतात आणि सांगायला लाजतात. नवा डबा आणलात की घरी दोनदा मुलाच्या हाताने उघडून बघा.

दुकानातलं आणि पावडरी

दुधात घालायच्या पावडरींबद्दल. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना ही पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गवारीतून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. डब्याच्या मागचा तक्ता उघडा, शंभर ग्रॅममध्ये साखर किती ते बघा. अनेकांत ती तीस ग्रॅमच्या वर असते. त्यांत लोह-कॅल्शियम घातलेलं असतं हे खरं, पण दोन चमच्यांत ते किती येतं तेही त्याच तक्त्यात लिहिलेलं असतं. वाचा आणि मग ठरवा. पावडरीशिवाय दूध जातच नसेल तर चमचा निम्मा करत न्या, किंवा दही द्या.

शाळेच्या फाटकाबाहेर मिळणाऱ्या खाऊबद्दल एक नियम पालकांना माहीत हवा. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई आहे. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय लेखी मांडता येतो, आणि मांडावा.

शाळेत खिचडी मिळत असेल तर

सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला दुपारचं गरम जेवण मिळतं. देशपातळीवर ही योजना १९९५ पासून आहे, २०२१ मध्ये तिचं नाव पीएम पोषण झालं, आपण तिला शालेय पोषण आहार म्हणतो. प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी असं माप ठरलेलं आहे, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन. सहावीपासून १५०, ३० आणि ७५ ग्रॅम. मी आधी तीन वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. ती खिचडी पोटभर खाणाऱ्या मुलाचं दिवसाचं निम्मं प्रोटीन तिथेच होतं. तुमचं मूल ती खात असेल तर वहीत लिहा आणि मोजा. "आमच्यात खिचडी खात नाहीत" म्हणून घरून बिस्किटं पाठवू नका.

या तांदळात गेल्या काही वर्षांत पोषणयुक्त दाणे मिसळले गेले, साधारण शंभराला एक. त्यांत लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ असतं. ते दाणे रंगाने किंचित वेगळे दिसतात, कधी पाण्यावर तरंगतात, आणि मग "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून निवडून फेकले जातात. रेशनच्या तांदळातही तेच. फेकू नका, आणि तांदूळ फार चोळून धुऊ नका.

ताटाने भागत नाही तेव्हा

२०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. पस्तीसच्या वर्गात आठ मुलं असा त्याचा अर्थ मी लावते, आणि सकाळी हजेरी घेताना ती आठ कोणती असतील हे शोधते.

एका वर्षी माझ्या वर्गातले खडू लवकर संपायला लागले. फळ्याखालच्या पट्टीवरचे तुकडे गोळा करून एक मुलगी बाकाखाली खात होती. ओरडण्याआधी तिचा हात हातात घेतला तर तळवा फिका होता. तिच्या आईला बोलावलं, सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत खडू सुटला. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खाणारं मूल वाईट सवयीचं नसतं. अनेकदा त्याच्या अंगात लोह कमी असतं. त्याला आधी दवाखान्यात न्या.

पाच ते अकरा वयात हिमोग्लोबिन साडेअकराच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. तो नुसत्या खाण्याने भरून येत नाही, औषध लागतं, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. शाळा-अंगणवाडीतून आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, पाच ते नऊ वयाला गुलाबी आणि दहाच्या पुढे निळी, ती घेऊ द्या. काहीतरी खाऊन घेतली तर मळमळ कमी होते. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंताची गोळी देतात. त्या दिवशी मुलाला मुद्दाम घरी ठेवणारे पालक दर वर्षी भेटतात. पोटात जंत असताना वरून घातलेलं लोह गळक्या भांड्यात पाणी ओतल्यासारखं आहे.

सतत थकवा, जिने चढताना धाप, सहा महिन्यांत वजन न वाढणं किंवा उतरणं, उंची जागच्या जागी असणं. यांतलं काहीही दिसलं तर सात दिवसांची वही सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. "काही खात नाही हो हा" या वाक्यापेक्षा ती वही त्यांना फार उपयोगी पडते.

दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची रेघ मारा, वजन तारखेसह वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, आणि वर्षातून दोनदा पुन्हा सात दिवस नोंदी करा. शाळा सुरू झाल्यावर जुलैमध्ये एकदा आणि संक्रांतीनंतर एकदा. उन्हाळ्यात खाणं वेगळं, थंडीत वेगळं. माझी धाकटी आता तेरा वर्षांची आहे. तिला लागणारं लोह १५ वरून ३० मिलिग्रॅमवर गेलं, म्हणून यंदा जुलैत वही पुन्हा काढली. या वेळी रकाने तिनेच आखले, आणि पाचवा एक वाढवला : "कुणी केलं".